कॉर्पस

लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली तेव्हा ज्ञानेशची नजर मोबाइलमध्ये होती. कंपनीची बस सोसायटीच्या कोपऱ्यावरून सुटायला आली होती आणि ड्रायव्हर कुणासाठी थांबणाऱ्यातला नव्हता. दार उघडलं, ओळखीची लाल प्लास्टिकची खुर्ची आत आली. खुर्चीत छबूबाई, एका बाजूला तिचा मुलगा सुजित, दुसऱ्या बाजूला सुजितचा मेहुणा. ज्ञानेश सवयीनं मागं सरकला. आठवड्यातून दोनदा हे ठरलेलं होतं. छबूबाईला डायलिसिसला न्यायचं म्हणजे याच खुर्चीत बसवून, घसरू नये म्हणून जुन्या लुगड्याच्या पट्टीनं कमरेशी बांधून, दोघांनी उचलून लिफ्टमध्ये घालायचं. जानेवारीची थंडी होती, त्यामुळं डोक्यावरून हनुवटीखाली बांधलेल्या पांढऱ्या फडक्याचंही त्याला काही वाटलं नाही. ‘‘काय मावशी, निघालात का?’’ तो म्हणाला. एरवी ती मान वर करून म्हणायची, ‘‘व्हय बाबा, जाऊन येते.’’ आज म्हणाली नाही. डुलकी लागली असेल. लिफ्ट खाली आली, ज्ञानेशनं पुढं होऊन दार धरलं, खुर्ची बाहेर जाऊ दिली आणि म्हणाला, ‘‘जाऊन या, मावशी.’’ सुजितनं त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, म्हणूनच ते पुढं इतके दिवस पुरलं. ‘‘व्हय,’’ सुजित म्हणाला, आईच्या वतीनं म्हणाल्यासारखा. मग ज्ञानेशला पार्किंगमध्ये उभी असलेली टोप्यांची माणसं दिसली, फरशीवर पसरलेले बांबू दिसले, सुतळीचं बंडल दिसलं आणि कॉर्पोरेशनची ती लांबट गाडी दिसली, जिच्या मागच्या काचेवर झेंडूची माळ असते.

माणसानं अशा वेळी थांबायचं असतं. शेजारच्या माणसाच्या आईची तिरडी बांधली जात असताना कुणी बस पकडायला पळत नाही. ज्ञानेश पळाला. आपण पळतोय हे त्याला बसमध्ये बसल्यावर कळलं. नाशिक फाटा मागं पडला, भोसरी गेली, मोशीच्या पुढं धुकं लागलं, आणि तो खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून एकच वाक्य घोळवत राहिला. जाऊन या. घरातून निघालेल्याला ‘जा’ म्हणू नये, हे त्याला बोलता यायला लागलं तेव्हापासून शिकवलेलं. निघणाऱ्यानं ‘येतो’ म्हणायचं, राहणाऱ्यानं ‘जाऊन ये’ म्हणायचं. एकदा लहानपणी बाजाराला निघालेल्या वडिलांना तो ‘जा’ म्हणाला होता, तर आईनं त्यांना उंबऱ्यातून परत आत बोलावलं, पाट मांडून बसवलं, गुळाचा खडा हातावर ठेवला आणि मग पुन्हा निघू दिलं. जिवंत माणसाला ‘जा’ म्हणायचं नाही हे त्याला माहीत होतं. मेलेल्या माणसाला ‘या’ म्हणायचं की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच कुणावर आली नसणार. तो इंजिनिअर माणूस, भुताखेतांना हसणारा, अमावास्येला नवी गाडी घरी आणलेला. पण कुरुळीच्या सिग्नलला बस थांबली तेव्हा तो ते वाक्य इतक्या मोठ्यानं पुटपुटला, की शेजारच्यानं विचारलं, ‘‘काय भावा, बरं नाही का?’’

निघोज्याजवळच्या त्याच्या कंपनीत तो बॉडी शॉपमध्ये होता. मोटारीचा नुसता सांगाडा तिथं तयार होतो. पत्रे येतात, यंत्राचे हात वाकतात, ठिणग्या उडतात आणि बिनरंगाची, बिनइंजिनाची, बिनकाचेची मोटार साखळीवरून हळूहळू पुढं सरकते. ‘बॉडी आली का’, ‘बॉडी अडकली’, ‘तीन बॉडी रिजेक्ट’ असं दिवसभर ओरडणं चालायचं. चौदा-पंधरा वर्षांत त्याला त्या शब्दाचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. लाइनवर उघड्या खिडक्यांच्या रांगा सरकत होत्या आणि त्याला प्रत्येक सांगाड्यात लाल खुर्ची दिसत होती. आई घरी होती. नवव्या मजल्यावर, आतल्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून निजलेली. तिचं हृदय आता थकलंय, जपायचं, कधीही काहीही होऊ शकतं, असं डॉक्टरांनी दिवाळीत सांगितलं होतं. त्यानं ते ऐकलं होतं आणि औषधाच्या वेळा भिंतीवर चिकटवून मोकळा झाला होता. पण ‘कधीही काहीही’ नंतर आणखी एक गोष्ट असते, नवव्या मजल्यावरून खाली जायची गोष्ट, हे आजपर्यंत त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या लिफ्टमध्ये आडवं माणूस मावत नाही. उभ्यानं चार, फार तर पाच. म्हणजे आईलाही बसवावं लागणार. बांधावं लागणार. हनुवटीखालून फडकं. आणि मधल्या कुठल्या तरी मजल्यावर मोबाइलमध्ये बघणारा कुणी तरी शहाणा आत शिरणार आणि म्हणणार, काय आजी, निघालात का?

घरी आला तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर वणवा पेटलेला होता. स्ट्रेचर लिफ्टचा विषय पुन्हा निघाला होता. बिल्डरच्या रंगीत पुस्तकात तीन लिफ्ट होत्या, प्रत्यक्षात दोन आल्या. तिसरीची नुसती विहीर आहे, तळाला गणपतीच्या मांडवाचं सामान ठेवलेलं. छबूबाईचं नाव कुणी घेत नव्हतं, पण सगळे तिच्याबद्दलच बोलत होते. कुणी म्हणत होतं, कॉर्पस फंडातून लिफ्ट बसवा. कुणी म्हणत होतं, कॉर्पसला हात लावायचा नाही म्हणजे नाही, तो अडीअडचणीसाठी आहे. गेल्या सभेतही हेच झालं होतं आणि ज्ञानेशनं इतरांबरोबर हात वर केला होता, नक्की कशासाठी ते आता आठवत नव्हतं. सभा लांबली होती आणि वडापाव गार होत होते. सोफ्यावर बसून तो ते मेसेज वाचत होता आणि आतून पूनमचा पाठांतराचा सूर येत होता. पूनम त्याची मुलगी, बारावीला, डॉक्टर व्हायचं म्हणून सकाळ-संध्याकाळ जीवशास्त्र घोकणारी. आजीच्याच खोलीत अभ्यास करायची, आजीच्या पायथ्याशी पाय पसरून. ‘‘कॉर्पस ल्युटियम,’’ ती म्हणत होती, ‘‘कॉर्पस ल्युटियम, कॉर्पस अल्बिकन्स, कॉर्पस कॅलोझम.’’ ज्ञानेश उठून दारात गेला.

‘‘काय म्हणालीस?’’

‘‘काय?’’

‘‘ते कॉर्पस. म्हणजे काय?’’

‘‘म्हणजे शरीर, बाबा. बॉडी. लॅटिन आहे.’’ तिनं पुस्तकातून मान वर केली नाही. ‘‘कॉर्पस ल्युटियम म्हणजे पिवळी बॉडी. बीज निघून गेल्यावर मागं उरतं ना, ते. ते काही दिवस सगळं सांभाळतं. गरज नाही असं कळलं की मग सुकून जातं, पांढरा वण राहतो.’’

‘‘मग सोसायटीचा कॉर्पस?’’

‘‘तोच शब्द असणार. कॉर्पोरेशन पण त्यातलाच. कॉर्पोरेट पण. आमचे इंग्लिशचे सर सांगत होते, कॉर्प्स म्हणजे प्रेत, तेही त्यातलंच.’’ ती हसली. ‘‘भाषा मेलीय ना, म्हणून बरं पडतं. मेलेल्या भाषेतले शब्द बदलत नाहीत.’’

‘‘बदलत नाहीत कसे? केवढे बदललेत,’’ ज्ञानेश म्हणाला, जरा जोरातच. भिंतीकडं तोंड केलेली त्याची आई, अंबूबाई, हलली. पूनमनं ओठांवर बोट ठेवलं आणि तो बाहेर आला.

त्या रात्रीपासून शब्दानं त्याला धरलं. झोपेत नाही, झोपेच्या अलीकडं, जिथं माणूस कुशी बदलतो तिथं. हजारो वर्षांपूर्वी कुठल्या तरी गावात कुणी तरी आपल्या हाताकडं, पोटाकडं, पोराच्या उघड्या पाठीकडं बघून हा शब्द म्हणत असणार. मग ती माणसं गेली, भाषा गेली आणि शब्द मागं उरला, अंग नसलेला. अंग नसल्यावर त्याला कुठंही घुसता येऊ लागलं. पाणीपट्टी गोळा करणारी कॉर्पोरेशन झाली. काचेच्या इमारतीतलं कॉर्पोरेट झालं. चौकाचौकात वाढदिवसाच्या फलकांवर हात जोडून उभा असलेला कॉर्पोरेटर झाला. बँकेत पडून राहिलेली, कुणी हात लावायचा नाही अशी सोसायटीची पुंजी झाली. या सगळ्या देहांना ताप येत नाही, दम लागत नाही, त्यांना कुणी खुर्चीत बांधून नेत नाही. फक्त ज्याच्यासाठी शब्द निघाला तो देह तेवढा लिफ्टमध्ये मावत नाही. ज्ञानेशला हसू आलं, मग हसू आल्याची भीती वाटली. शेजारी विजयश्री निजली होती. त्याची बायको झोपेला पक्की, तिला उठवून काय सांगणार? की मला एका लॅटिन शब्दानं झोप येईना? ती म्हणाली असती, उद्यापासून संध्याकाळचा चहा बंद.

छबूबाई गेल्याचं त्या दोघांनी अंबूबाईला सांगितलं नव्हतं. विजयश्रीनंच तसं ठरवलं होतं, हृदयाला धक्का नको म्हणून. कारण छबूबाई ही साऱ्या पिंपळे सौदागरात अंबूबाईची एकुलती एक मैत्रीण. छबूबाईचं मूळ घर इथलंच, सोसायटी उभी आहे ते रानच त्यांचं. बदल्यात फ्लॅट मिळाले, त्यातल्या एकात ती राहायची. तब्येत बरी होती तोवर दुपारची वर यायची आणि दोघी गॅलरीत बसायच्या. तिचं मावळाकडचं बोलणं, आईचं औशाकडचं. एकीचं निम्मं दुसरीला कळत नसणार, पण गप्पा काही थांबायच्या नाहीत. ‘‘तो स्विमिंग टँक हाय न्हवं, तिथं आमची हीर व्हती,’’ छबूबाई खाली बोट करून सांगायची, आणि आई म्हणायची, ‘‘कामून बुजवली गं माय? एवढं पाणी असताना कामून बुजवावं?’’ जणू विहीर छबूबाईनंच बुजवली. गेल्या पावसाळ्यापासून ते बंद झालं. छबूबाईचं वर येणं थांबलं आणि आईला लिफ्टपर्यंत चालवेना. पाचवा मजला आणि नववा मजला, मध्ये चार मजल्यांचं अंतर, पण दोघींना ते औशाहून पुण्याएवढं झालं. ज्ञानेशला वाटलं असतं तर तो आईला खुर्चीत बसवून खाली नेऊ शकला असता. त्याला वाटलं नव्हतं. कुणालाच वाटलं नव्हतं. दुसऱ्याच्या आईला खुर्चीतून नेताना बघायचं, दार धरायचं, चौकशी करायची. आपल्या आईला मात्र पलंगावरच ठीक आहे असं समजायचं.

त्यातून मार्ग असा सुचला, की आईला गावी पाठवावं. सुचला आणि इतका पटला, की शिफ्टच्या मधल्या सुट्टीतच त्यानं धाकट्या भावाला, धनेशला फोन लावला. गावी घर जमिनीवर. पडवी, अंगण, समोर लिंब. तिथं माणूस निजल्या जागेवरून चौघांच्या खांद्यावर जातो, कुणाला बसतं करावं लागत नाही. हे तो बोलला नाही. तो म्हणाला, ‘‘इथली हवा लय बेकार झालीय. धूर आहे सगळा. आईला थोडे दिवस घेऊन जा.’’

‘‘दादा, थंडीत कामून हलवायलास तिला?’’ धनेश म्हणाला. ‘‘दवाखाना इथं जवळ न्हाई. लातूर गाठावं लागतंय.’’

‘‘मी सांगतोय ना.’’

‘‘बरं. रविवारी येतो गाडी घेऊन.’’ मग त्यानं विचारलं, ‘‘आई काय म्हणायलीय?’’

आई ‘‘बरं’’ म्हणाली होती. आई सगळ्याला बरंच म्हणायची. वडील गेल्यावर ज्ञानेश तिला इकडं घेऊन आला तेव्हाही ती ‘‘बरं’’ म्हणाली होती, गावच्या घराची किल्ली धाकट्या सुनेच्या हातात देऊन. तिच्या ‘बरं’चा अर्थ काढायची रीत त्यांच्या घरात नव्हती. विजयश्री गप्प झाली. तिला मनातून हलकंही वाटलं असेल, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली असेल. ती दोन दिवस त्याच्याशी भाजीपुरतं बोलली. पूनम मात्र गप्प बसली नाही. जेवताना हातातला घास ताटात ठेवून म्हणाली, ‘‘तिथं तिला रात्री दम लागला तर कोण आहे? मी तिच्याजवळ झोपते म्हणून मला कळतं. काकूंना कळणार आहे? बाबा, तुम्ही आजीला मरायला पाठवताय.’’ ज्ञानेश ओरडला. काय ओरडला ते त्यालाही नंतर आठवलं नाही, पण ताट सरकलं, आमटी सांडली आणि आतल्या खोलीतून आईचा खोकला ऐकू आला. पोरगी म्हणाली ते खोटं असतं तर त्याला एवढा राग आला नसता, हे त्याचं त्याला आमटी पुसताना कळलं.

तरी त्यानं रविवार पुढं ढकलला नाही. उलट दिवस मोजायला लागला, परीक्षा एकदाची उरकावी तसं. तोवर आईला काही होऊ नये एवढंच मागत होता, आणि ते आईसाठी मागतोय की लिफ्टसाठी, याचा नीट विचार करत नव्हता. कंपनीत त्यानं एक चांगली बॉडी रिजेक्ट केली आणि एक खराब पुढं सोडली. सुपरवायझर त्याला बाजूला घेऊन म्हणाला, राव, घरी काय टेन्शन आहे का? संध्याकाळी सोसायटीत शिरताना तो लिफ्ट टाळायला लागला. नऊ मजले चढून यायचा. पाचव्या मजल्यावर सुजितच्या दाराशी चपलांचा ढीग असायचा, आत दिवा, आणि दाराबाहेर भिंतीला लागून ती लाल खुर्ची. तिचं काय करायचं ते त्या घरालाही ठरवता आलं नसावं. आत जाऊन भेटायला हवं होतं. ‘‘त्या दिवशी मला कळलं नाही रे, सुजित,’’ एवढंच तर म्हणायचं होतं. तो दारापर्यंत जायचा, चपलांकडं बघायचा आणि पाय न वाजवता पुढचा जिना चढायचा. चोरानंही एवढी काळजी घेतली नसती.

शनिवारी दुपारी त्याला सुट्टी होती. विजयश्री बाजारात, पूनम क्लासला. आईची पिशवी त्याला भरायची होती. दोन लुगडी, स्वेटर, औषधांचा डबा, पोथी, काठी. अंबूबाई पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि तो काय काय भरतोय ते बघत होती.

‘‘छबूबाई गेली न्हवं?’’ ती म्हणाली.

त्याच्या हातातला स्वेटर तसाच राहिला. ‘‘कुणी सांगितलं तुला?’’

‘‘कोण सांगणार? म्या बघितलं की. सकाळी गॅलरीत उठून बसले व्हते. खाली तिला खुर्चीत घालून चालवलं व्हतं. म्हणलं, दवाखान्याला चालली. वरून हात केला म्या.’’ आईनं हात वर करून दाखवला, मनगटातली सैल बांगडी कोपरापर्यंत घसरली. ‘‘दर येळी वर बघती ती. त्या दिशी बघितलं न्हाई. मग कळलं.’’

ज्ञानेश पलंगाच्या कडेला बसला. नऊ मजले वर आई हात करत होती आणि खाली तो दार धरून उभा होता, एकाच वेळी. ‘‘एवढे दिवस बोलली नाहीस,’’ तो म्हणाला.

‘‘तुमी सांगितलं न्हाई, म्हणून म्या इचारलं न्हाई. उगं तुमाला अवघडात कामून टाकू?’’

मग त्यानं सांगितलं. लिफ्टचं, ‘निघालात का’चं, ‘जाऊन या’चं, सुजितच्या बघण्याचं. बसमध्ये पळाल्याचं पण सांगितलं. कुणालाच न सांगितलेलं ते सगळं तो आईला सांगत सुटला आणि सांगताना त्याचा आवाज लहान मुलासारखा चिरकायला लागला. अंबूबाई ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘‘त्यात काय एवढं? चांगलंच म्हणलास की. न बोलता जाऊ दिलं असतंस तर वाईट.’’

‘‘पण खुर्चीत बांधून... माणसाला असं न्यायचं?’’

‘‘जित्तेपणी बी खुर्चीतच नेत व्हते की तिला.’’

‘‘तुला भीती नाही वाटत? म्हणजे तुलाही जर इथून...’’

अंबूबाईनं त्याच्याकडं बघितलं. आपल्याला गावी कशासाठी पाठवतोय ते तिला कळलं असेल तर त्याच क्षणी कळलं. ‘‘मेल्यावर मला कसं न्यायचं ते तुमचं तुमी बघा,’’ ती म्हणाली. ‘‘तवा म्या काय बघायला येणार हाय? मला आत्ता ऊन न्हाई लागत, ज्ञाना. पावसाळ्यापासनं ऊन न्हाई अंगाला. ह्या गॅलरीत येतच न्हाई ते.’’

त्यानं स्वेटरची घडी घातली आणि पिशवीत ठेवला. सांगितलेलं रद्द करायला त्याच्याजवळ तोंड नव्हतं. धनेशनं गाडी ठरवली होती, गावी पलंग मांडला होता, त्याच्या बायकोनं खोली सारवून घेतली होती. असल्या गोष्टी एकदा सुरू झाल्या की कारखान्यातल्या साखळीसारख्या आपोआप पुढं सरकतात, मध्ये बटण दाबायला कुणाला तरी उठावं लागतं.

धनेश रविवारी उन्हं वर आल्यावर पोचला आणि खाली गाडीतच थांबला, पार्किंगला जागा नव्हती म्हणून. विजयश्रीनं पिशव्या आधीच खाली नेऊन दिल्या. पूनमनं आजीची वेणी घातली, गळ्यात पडली आणि गॅलरीत जाऊन पाठ करून उभी राहिली. आईला लिफ्टपर्यंत चालवेना. ज्ञानेशनं स्वयंपाकघरातली पांढरी प्लास्टिकची खुर्ची लिफ्टमध्ये नेऊन ठेवली, पूनमला हाक मारून दार धरायला लावलं, घरात आला आणि एक हात आईच्या पाठीखाली, एक गुडघ्याखाली घालून तिला उचललं. उचलताना त्यानं जोर लावला होता, तो सगळा वाया गेला. तिच्यात वजनच नव्हतं. आपण हिला किती वर्षांत शिवलो नाही हे त्याला मोजता येईना. सणाला पायाला हात लावणं तेवढं, तेही लुगड्याच्या काठाला. तिचं डोकं त्याच्या गळ्याशी आलं. खोबरेल, औषध आणि तिच्या अंगाचा आंबूस, ऊबदार वास. लहानपणी ताप असताना याच वासात तो झोपायचा. हे कॉर्पस, त्याच्या मनात आलं. कुणी हात लावायचा नाही म्हणून जपून ठेवलेलं. तो तसाच, आईला घेऊन, गरजेपेक्षा जास्त वेळ खोलीत उभा राहिला. ‘‘दुखतंय का रे हात?’’ आईनं विचारलं.

लिफ्टमध्ये तिला खुर्चीत बसवलं. थंडी होती म्हणून विजयश्रीनं डोक्यावरून रुमाल बांधला होता, हनुवटीखालून. ज्ञानेशनं तो आत्ता बघितला. त्याला तो ओरबाडून काढावासा वाटला, पण दोन्ही हात खुर्चीला होते. दार मिटलं. आठ. सात. पाचव्यावर थांबू नको, तो मनात म्हणाला, कुणाला म्हणाला कोण जाणे. सहा. पाच. लिफ्टला हलका धक्का बसला आणि दार उघडलं.

समोर सुजित उभा होता. डोकं भादरलेलं, अंगावर पांढरा सदरा, हातात दुधाच्या पिशव्या आणायची कापडी पिशवी. त्यानं आत टाकायला पाऊल उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं. खुर्ची, खुर्चीतली म्हातारी, बांधलेला रुमाल, मागं उभा ज्ञानेश. सुजितचा हात हळूहळू छातीपाशी आला, जोडण्यासाठी.

‘‘ये की लेकरा,’’ अंबूबाई म्हणाली. ‘‘जागा हाय.’’

सुजितनं भिंतीचा आधार घेतला. दार मिटायला लागलं तसं ज्ञानेशनं ते पायानं अडवलं. मग सुजितचे डोळे एकदम भरले आणि तो हसला, तोंडावर हात ठेवून, लहान पोर चूक केल्यावर हसतं तसा. ‘‘न्हाई मावशी, तुम्ही व्हा पुढं,’’ तो म्हणाला. ‘‘मी जिन्यानं येतो.’’

‘‘सुजित,’’ ज्ञानेश म्हणाला, ‘‘त्या दिवशी मी...’’

‘‘असू द्या, ज्ञानेशभाऊ. आमच्या आईला जाताना कोण तरी बोललं.’’ त्यानं बाहीनं डोळे पुसले, खाली वाकला आणि अंबूबाईच्या गुडघ्यांना हात लावला. ‘‘जाऊन या, मावशी.’’

‘‘येते हां बाबा,’’ अंबूबाई म्हणाली.

खाली ऊन पसरलं होतं. पार्किंगच्या पुढं, गेटच्या आत, छबूबाईच्या रानातला एक आंबा बिल्डरनं शोभेला म्हणून ठेवला होता. त्याच्या अलीकडच्या मोकळ्या फरशीवर ज्ञानेशनं आणि वॉचमननं खुर्ची नेऊन ठेवली. धनेश गाडीचं दार उघडून उभा होता. ‘‘चल आई, आत्ता निघालो तर दिवस मावळायच्या आत पोचताव,’’ तो म्हणाला. अंबूबाईनं डोळे मिटले होते आणि तोंड उन्हाकडं धरलं होतं. तिनं स्वतःच्याच हातानं हनुवटीखालची गाठ सोडली आणि रुमाल मांडीवर ठेवला.

‘‘धनू, वर जा, चहा घे, पोरीला भेट,’’ ती म्हणाली. ‘‘मला न्हाई यायला जमायचं.’’

धनेशनं भावाकडं बघितलं. ‘‘आता काय झालं?’’

‘‘त्या सुजितला येते म्हणलेय म्या,’’ अंबूबाई म्हणाली. ‘‘आत्ताच म्हणलेय.’’

उभ्या जन्मात तिनं ‘बरं’ सोडून दुसरं उत्तर दिल्याचं दोन्ही मुलांना आठवत नव्हतं. ज्ञानेशनं गाडीच्या मागच्या सीटवरून तिची पिशवी काढली, काठी काढली आणि दोन्ही खुर्चीच्या पायाशी ठेवल्या. मग तो तिच्या बाजूला फरशीवर मांडी घालून बसला. ‘‘बस अजून थोडा वेळ,’’ तो म्हणाला, ‘‘ऊन हलेपर्यंत. मग जाऊ वर.’’